ब्याण्णव जीबीनंतरची शांतता

१

मंगळवारी सकाळी एक म्हातारे अंध सभासद काठी टेकत काउंटरपाशी आले आणि म्हणाले, “बाई, एकशे नवव्या पुस्तकात, सातव्या प्रकरणात, ताई बोलता बोलता गप्प झाल्या.”

ग्रंथपाल बाईंना वाटलं, आजोबांचं यंत्र बिघडलं असेल. त्यांनी ते पुस्तक स्टुडिओतल्या मशीनवर लावलं. सातव्या प्रकरणात चौदा मिनिटं ताईंचा आवाज नीट आला आणि मग अर्ध्या वाक्यात बंद पडला. त्यांनी एकशे दहावं लावलं, एकशे अकरावं लावलं, अगदी शेवटचं दोनशे चौदावंही लावलं. पडद्यावर पुस्तकाचं नाव होतं, लांबी होती, घड्याळ पुढे सरकत होतं, पण आत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती.

ज्यांना सगळे सभासद ताई म्हणतात ती माझी सख्खी थोरली बहीण. चौदा वर्षं ती या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात काचेच्या खोलीत बसून वाचत होती. दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं आणि तिचा आवाज कायमचा गेला. आता तो होता फक्त ग्रंथालयातल्या मशीनच्या डिस्कवर, आणि मंगळवारी त्यातलाही अर्धा गेला.

दुसरीकडे कुठे प्रत असेल म्हणाल, तर नाही. लेखक-प्रकाशकांना ग्रंथालयाने लिहून दिलं होतं की ध्वनिमुद्रण इमारतीबाहेर राहणार नाही. सभासदांना दिलेल्या सगळ्या प्रती दर सोमवारी परत यायच्या आणि त्याच दिवशी पुसल्या जायच्या. बाई नियमाच्या इतक्या पक्क्या की चौदा वर्षांत एकही प्रत पुसायची राहिली नव्हती.

दुपारी मला ताईचा मोबाइलवर मेसेज आला, “ये.”

२

माझी ओळख करून द्यायला हवी. एका संगणक मासिकात मी बावीस वर्षं हार्ड डिस्क मोजल्या. तीच डिस्क जुन्या रुंद पट्टीच्या केबलने जोडली तर किती वेगाने चालते, नव्या बारीक केबलने किती, बाहेरून यूएसबीने किती, आणि त्या देवघेवीत मशीनचा स्वतःचा किती जीव जातो, याचे तक्ते मी दरमहा छापायचो. ते कोणी वाचायचं नाही. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, मला मापाड्या म्हणतात. धान्य दुसऱ्याचं, पोती दुसऱ्याची, आपण नुसतं माप घालायचं.

मी गेलो तेव्हा ताई खिडकीशी बसली होती. तिने ओठ हलवले. मला काही कळलं नाही. ते ओठ फक्त भाऊजींना वाचता येतात.

“ती म्हणतेय, जेवून आलास का?” भाऊजी म्हणाले. त्यांचे डोळे सुजले होते. चहा टाकायला ते आत गेले तशी ताईने वही ओढली आणि घाईघाईने लिहिलं, “स्क्रूने हे केलेलं नाही. तू सिद्ध कर.”

स्क्रू म्हणजे ग्रंथालयाचा तंत्रज्ञ. खिशात कायम स्क्रू खुळखुळतात म्हणून हे नाव पडलं. बाईंनी त्याला त्याच दिवशी घरी बसवलं होतं. गुरुवारी समितीची बैठक होती, तिथे त्याला कामावरून काढायचं आणि वर तक्रार करायची, असं ठरलं होतं.

“ताई, स्क्रूचं बघू नंतर. आधी तुझा आवाज परत मिळतो का ते बघतो,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, तेही मला कळलं नाही.

३

आवाज परत मिळाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. उगाच कोणाला आशा नको.

स्टुडिओच्या कोपऱ्यात डिस्क पुसायची एक पेटी आहे. इमारतीबाहेर जाणारी प्रत्येक डिस्क तिच्यात घालायची, हाही नियमच. मशीनमध्ये आता नवी डिस्क होती, ताईच्या आवाजाची मूळ जुनी डिस्क या पेटीत होती आणि पेटीने आपलं काम चोख केलं होतं. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. शून्य, शून्य आणि पुन्हा शून्य. नुसतं नाव खोडलं असतं तर मी काहीतरी उकरून काढलं असतं, पण इथे उकरायला मातीच उरली नव्हती.

“मला आधीच वाटलं होतं,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. “गेल्या आठवड्यात मी त्याला झापलं. जुनी डिस्क खरखर करतेय, नवी आणून ठेवलीय, शनिवारी नक्कल करून टाक म्हटलं. त्याने सूड उगवला.”

“शनिवारी इथे कोण कोण होतं?”

“सकाळी नऊला स्क्रू आला. साडेदहाला गेला. ताईंचे यजमान दर शनिवारी लेबलं चिकटवायला येतात, ते होते. मी पूर्ण वेळ काउंटरवर. एकला कुलूप.”

“नक्कल व्हायला किती वेळ लागतो?”

“मला काय ठाऊक? तो संध्याकाळी लावून जातो आणि सकाळी येऊन काढतो. एक रात्र लागत असेल.”

मी मशीन पाहिलं. जुनी डिस्क पुढच्या कप्प्यात बसायची, ड्रॉवरसारखी ओढून काढता येणारी. नवी आता त्याच कप्प्यात होती. भिंतीवर स्क्रूने लिहिलेला कागद होता. नवी डिस्क जोडा, सुरू करा, झालं की नवी कप्प्यात घाला, जुनी पेटीत घाला. शेजारी डिस्क आत घालून बाहेरून जोडायची यूएसबीची डबी पडली होती आणि तिचं पुठ्ठ्याचं खोकंही. मशीनच्या झाकणावर बाईंच्या सहीची कागदी पट्टी होती, जागची हललेली नव्हती.

“ही पट्टी कधीची?”

“मार्चची. माझ्या सहीशिवाय झाकण उघडायचं नाही.”

मी बाईंना विचारलं, “सोमवारी स्क्रूला विचारलंत का, नक्कल झाली का म्हणून?”

“विचारलं ना. ‘झाली’ म्हणाला. माझ्या तोंडावर!”

४

स्क्रू घराच्या पायरीवर बसला होता. मला बघून उठला नाही.

“ताईंनी पाठवलं?” त्याने विचारलं.

“हो. तू सोमवारी ‘झाली’ का म्हणालास?”

त्याने सरकून मला पायरीवर जागा केली. मग म्हणाला, “कारण झालेली होती. मी शनिवारी केलीच नाही साहेब. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शाखेत पंखा जळला होता, तिकडे गेलो. म्हटलं सोमवारी करू. सोमवारी येऊन बघतो तर नवी डिस्क कप्प्यात, जुनी पेटीत. मला वाटलं, बाईंनी वैतागून बाहेरचा माणूस बोलावला. त्यांनी विचारलं झाली का, मी म्हटलं झाली. आयती शिव्यांतून सुटका होत होती.”

“तपासली नाहीस?”

“पहिलं पुस्तक लावलं. आवाज आला. पुढची दोनशे तेरा कोण लावणार?” त्याने कपाळाला हात लावला. “आता कोण विश्वास ठेवेल? न केलेल्या कामाचं श्रेय घेतलं, तर न केलेला गुन्हाही माझाच.”

“तू करतोस तेव्हा या नकलेला किती वेळ लागतो?”

“यूएसबीने? एकशे ऐंशी जीबी? एक तास चाळीस मिनिटं. मी लावून जेवून येतो, तरी चालूच असतं. म्हणून तर संध्याकाळी लावून जातो.”

“आणि झाकण उघडून आतल्या केबलने लावली तर?”

“चाळीस मिनिटं. पण बाई उघडू देतात कुठे?” तो हसला, पण ते हसू लगेच विरलं. “साहेब, घरात कमावणारा मी एकटा. ताईंचा आवाज मी स्वतः चौदा वर्षं पकडला हो. मी कशाला घालवीन?”

त्याच्याकडे पुरावा नव्हता आणि माझ्याकडेही. ती शाखा शनिवारी बंद असते, त्यामुळे पंखा दुरुस्त करताना त्याला पाहणारं कोणीच नव्हतं. बैठक दुसऱ्या दिवशी होती.

५

भाऊजी आयुष्यभर औषधाच्या दुकानात होते. गोळ्यांचं पाकीट चष्मा वर करून दोनदा वाचल्याशिवाय ते देत नसत. ताईची औषधं ते अजूनही घड्याळ लावून देतात. मी त्यांना अंगणात गाठलं.

“शनिवारी स्क्रू काय करत होता, तुम्ही पाहिलं?”

“मी लेबलं लावत होतो रे. माझं कुठे लक्ष?” ते नजर चुकवत म्हणाले. मग एकदम चिडले. “पण मला एक सांग, ज्या आवाजासाठी चौदा वर्षं घातली, त्याच्यासाठी माणसाला साधी पन्नास मिनिटं बसवत नाही? लावून निघून जायचं म्हणजे काय? हलगर्जीपणा नुसता!”

“खरंय,” मी म्हणालो. त्यांचा राग मला पटला आणि मी तो तसाच घेऊन ग्रंथालयाकडे निघालो.

अर्ध्या वाटेत माझे पाय थांबले.

६

मापाड्याने माप घालावं. मी दुसरी एक रिकामी डिस्क त्याच डबीत घातली, त्याच मशीनला लावली आणि घड्याळ घेऊन बसलो.

खोक्यावर ठळक छापलं होतं, सेकंदाला ४८० मेगाबिट. आठाने भागलं की साठ मेगाबाइट. हा आकडा खोटा नाही, पण खराही नाही. पाहुणे निघाले की रिक्षाने घर दहा मिनिटांवर असतं, पण दारातल्या निरोपातच दहा मिनिटं जातात. यूएसबीचं तसंच. प्रत्येक पुडक्यागणिक “घेतलंस का?”, “घेतलं”, “पुढचं देऊ?”, “थांब जरा”, असं चालतं. निम्मा वेळ बोलण्यातच जातो. आतल्या केबलला हे चोचले नाहीत, तिथे डिस्कला जेवढं पळवतं तेवढी ती पळते.

माझ्या घड्याळाने यूएसबीचा वेग दाखवला सेकंदाला साडेतीस मेगाबाइट. खोक्याच्या जेमतेम निम्मा.

आता नव्या डिस्ककडे वळलो. नक्कल करणारा प्रोग्राम डिस्क पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत जशीच्या तशी उतरवतो. पुस्तकांची यादी सुरुवातीलाच असते, म्हणून दोनशे चौदा नावं दिसत होती. आवाज मात्र ज्या जागी नक्कल तुटली तिथपर्यंतच होता. ती जागा मी मोजली. बरोबर ब्याण्णव जीबी.

ब्याण्णव जीबी आतल्या केबलने वीस मिनिटांत जातात. पण झाकणावरची पट्टी शाबूत होती, म्हणजे आतली केबल वापरलेलीच नाही. मग उरली यूएसबी. साडेतीसच्या वेगाने ब्याण्णव जीबीला लागतात पन्नास मिनिटं.

म्हणजे कोणीतरी नक्कल सुरू केली, पन्नास मिनिटं थांबलं आणि केबल काढली. मुद्दाम नाश करणारा असं करत नाही. त्याला आवाज घालवायचा असता तर तो नक्कल करतच बसला नसता, सरळ पुसून मोकळा झाला असता. ज्याने केलं त्याला आवाज वाचवायचा होता. आणि त्याला मनापासून वाटत होतं की पन्नास मिनिटांत काम पुरं होतं.

असं कोणाला वाटेल? बाईंना वाटतं, एक रात्र लागते. स्क्रूला ठाऊक आहे, एक तास चाळीस. पन्नास कुठून आले? एकशे ऐंशी हजार भागिले साठ, तीन हजार सेकंद. पन्नास मिनिटं. हा आकडा अनुभवातून येतच नाही, तो फक्त खोक्यावरून येतो. ज्याने आयुष्यात एकदाही नक्कल केलेली नाही आणि छापलेल्या अक्षरावर ज्याची डोळे मिटून श्रद्धा आहे, अशाच माणसाच्या तोंडी तो येणार.

असा माणूस माझ्यासमोर, अंगणात उभा राहून, रागाने ‘पन्नास मिनिटं’ बोललेला होता.

कोडं सुटलं की आनंद होतो म्हणतात. मला झाला नाही. मी मशीन बंद केलं.

७

मी त्यांना कोपऱ्यावरच्या बागेत नेलं. बाकावर बसलो. मी फक्त एवढंच विचारलं, “भाऊजी, खोक्यावरचा भागाकार तुम्ही कागदावर केलात की मनात?”

ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

“कागदावर,” ते म्हणाले. “दोनदा ताळा केला.”

मग सगळं बाहेर आलं. जुनी डिस्क खरखर करायची. स्क्रू आज करतो, उद्या करतो म्हणत होता. शनिवारी तो निघून गेला तेव्हा भाऊजींना राहवेना. सोमवारपर्यंत ती डिस्क मेली तर? भिंतीवरचा कागद वाचून त्यांनी एकेक पायरी केली. पावणेअकराला सुरू केलं आणि पन्नास मिनिटं खुर्चीवरून हलले नाहीत. मधेच मशीनचा पडदा आपोआप काळा झाला, त्यांना वाटलं काम आवरत आलं. तरी घड्याळ पुरं होईपर्यंत थांबले. वर पाच सेकंद जास्त थांबले. मग पहिलं पुस्तक लावून पाहिलं. तिचा आवाज आला. समाधानाने त्यांनी जुनी डिस्क पेटीत घातली आणि बटण दाबलं.

“कोणाला सांगितलं नाही. वाटलं, तिच्या वाढदिवसाला सांगू, तुझी सगळी पुस्तकं मी माझ्या हाताने सांभाळली म्हणून.” ते थांबले. “छापलेलं होतं रे. चाळीस वर्षं मी छापलेलं वाचून लोकांना औषधं दिली. एक माणूस दगावला नाही.”

त्यांना सांगता आलं असतं की बावीस वर्षं मी याच छापील आकड्याविरुद्ध तक्ते काढत होतो, एकदा तरी उघडून बघायचं होतं. पण ते बोलून कोणाचा आवाज परत येणार होता?

“पण स्क्रूचं नाव आलं तेव्हा गप्प का बसलात?”

“लाज वाटली. भीती वाटली. रोज ठरवायचो आज सांगतो आणि तिचं तोंड बघितलं की...” त्यांनी माझा हात धरला. “बाईंना मी लिहून देतो. आत्ता देतो. समितीला देतो. त्या पोराचं काम जाता कामा नये. पण तुझ्या ताईला सांगू नकोस. तिचा आवाज मी पुसला हे तिला कळलं, तर ती माझ्याशी बोलायची थांबेल. ती एकट्या माझ्याशीच तर बोलते.”

मी कबूल केलं. नाही कसं म्हणणार होतो?

८

गुरुवारी सकाळी बाईंनी ती चिठ्ठी वाचली, घडी घालून कपाटात ठेवली आणि समितीपुढे “तांत्रिक बिघाड” एवढंच सांगितलं. पहिल्यांदाच त्यांनी नियम मोडला. मग स्वतः स्क्रूच्या पायरीपर्यंत गेल्या. स्क्रू कामावर आला, पण खिशातले स्क्रू काढून ठेवून आला होता.

दुपारी मी ताईकडे गेलो. भाऊजी औषध आणायला बाहेर पडले होते. मी भाऊजींशी ठरवून जुळवलेलं सांगायला लागलो. केबलमध्ये दोष होता, मधेच सांधा सुटला, कोणाचीच चूक नाही.

ताईने हात वर करून मला थांबवलं. पुस्तकाच्या पुठ्ठ्यातून एक चुरगळलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. औषधाच्या दुकानातलं ते टपोरं, वळणदार अक्षर. १८०००० ÷ ६० = ३००० सेकंद = ५० मिनिटं. खाली ताळा, दोनदा.

तिने वहीत लिहिलं, “सोमवारी सदरा धुवायला टाकताना खिशात सापडला. तेव्हा अर्थ लागला नाही. मंगळवारी लागला.”

“पण तुला कसं कळलं की पन्नास मिनिटांत होत नाही?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला लहानपणी ती शाळेत सोडायला यायची ते आठवलं. तिने लिहिलं, “तुझे तक्ते कोण वाचतं म्हणतोस ना? अंध सभासदांसाठी तुझं मासिक दरमहा मीच रेकॉर्ड करत होते. सगळे आकडे. मोठ्याने.”

मी दोन दिवस डिस्क वाचल्या, घड्याळं लावली, पट्ट्या तपासल्या. तिने धुण्याच्या टोपलीपाशी उभ्या उभ्या उत्तर काढलं होतं.

“मग मला का बोलावलंस?”

ती बराच वेळ लिहीत होती. दोनदा खोडलं.

“त्या पोराचं काम जायला नको होतं. पण यांचं नाव माझ्या हातून निघायला नको होतं. तू शोधलंस तर यांना वाटेल, आकड्यांनी पकडलं. मी पकडलं असं वाटायला नको.” आणि त्याखाली, पेन दाबून, “मला माहीत आहे हे यांना कधीही सांगू नकोस. ते जगणार नाहीत.”

फाटकाची कडी वाजली. ताईने वहीचं पान फाडून कागदासकट मुठीत घेतलं.

भाऊजी आत आले. पाकीट चष्मा वर करून दोनदा वाचलं, एक गोळी काढली, पाणी दिलं. ताईने ती घेतली आणि ओठ हलवले.

“विचारतेय, तपासाचं काय झालं,” भाऊजी मला म्हणाले. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली. “सांग ना तिला. केबलचं सांग.”

दोघंही माझ्याकडे बघत होते. ताईच्या मुठीतला कागद मला दिसत होता. आतून मला हंबरडा फोडावासा वाटत होता, पण फोडायचा कोणापुढे?

मी घसा खाकरला आणि सांगितलं. केबल जुनी होती. ब्याण्णव जीबीला सांधा सुटला. मशीनने काही कळवलं नाही. अशा वेळी कोणीही फसेल. मी आकडे दिले, वेग दिला, मिनिटं मात्र दिली नाहीत.

“बघ, मी म्हटलं नव्हतं?” भाऊजी तिला म्हणाले.

ताईने मान डोलावली. भाऊजींनीही डोलावली. मग ते चहा टाकायला आत गेले.